फडक्याची खूण

आक्षीचा हरेश्वर एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होता. निवृत्त झाला आणि कादंबरी लिहायला बसला. तीही कसली, तर युद्धं, बुडती बेटं आणि देशोधडीला लागलेली माणसं. गावाला हसायला निमित्तच मिळालं. अलिबागेत वह्या घेताना दुकानदारानं विचारलं, "नातवाला का?"

दोन वर्षांत पाच वह्या भरल्या. सहावीत घोडं अडलं. आधी पेन वाईट ठरलं, मग पंखा, मग शेजाऱ्यांच्या कोंबड्या. नाचता येईना अंगण वाकडं! खरं तर एकच पान जमत नव्हतं, आणि त्या पानासाठीच त्यानं हा सगळा खटाटोप मांडला होता. ते लिहायच्या आधी मरण आलं तर, ही धास्ती त्याला लागली.

शेवटी त्यानं ते पान बायकोला, नलूला, वाचून दाखवलं. युद्धातून पळालेल्या माणसांनी खच्चून भरलेली होडी. जहाज दिसताच ती माणसं फडकी हलवतात. टेहळणीवरचा खलाशी ओरडतो, थांबा! निर्दयी कप्तान थांबत नाही.

कोलंबी सोलता सोलता नलूनं मान वर केली. "कप्तान असा व्हता?"

"न्हाय. भला मानूस. मी सांगितलं असतं तर थांबला असता."

"म्हंजे टेहळनीवर तुमी व्हता?"

लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. याच्या पोटात ती होडी अकरा वर्षं होती. आता त्याला सांगितल्यावाचून राहवेना.

"मीच व्हतो. माजा बाबा जाळं भरलं की लांबून फडकं हलवायचा ना? मला वाटलं, त्यांना मासली गावलीय. कप्तानाला सांगितलं, मच्छीमार हायत, खुशीत हायत. बंदराला लागलो तवा बातमी कलली. सगली बुडाली."

नलूला हुंदका फुटला. फडकं दिसलं की सासू किनाऱ्यावरून पदर हलवायची, टोपल्या घेऊन येते म्हणून. नलूनंही कितीदा हलवला होता.

"तुमी... तुमी काय केलंत?" तिनं भीत भीत विचारलं.

हरेश्वरनं वही मिटली. "मी टोपी हलवली. होडीतली पोरं नाचायला लागली, नलू. त्यांना वाटलं, आमी येतोय."