अकरा दिवस उभी राहिलेली गाडी

कडूबाई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत नसे, हातांकडं बघे. हात खिशात गेला तर पैसे मिळणार. हात हँडलवरच राहिला तर भांडण होणार. आणि हात वर आला तर दोन पावलं मागं सरायचं. परभणीच्या त्या गाड्यांच्या स्टँडवर तीन वर्षांत ती एवढं शिकली होती. एकानं वीसची नोट चुरगळून तिच्या तोंडावर फेकली होती. दुसऱ्यानं मोटारसायकल मुद्दाम तिच्या पायावरून नेली; अंगठ्याचं नख काळं पडून गळून गेलं.

बाजाराच्या मागं पूर्वी कापसाचं गोदाम होतं. ती मोकळी जागा एका ठेकेदारानं घेऊन अर्ध्या भागावर पत्रे टाकले आणि फाटकाला साखळी लावली. सुरुवातीला दुचाकीला दिवसाचे पाच रुपये होते, मग दहा झाले. मग गळ्यात अडकवायचं मशीन आलं आणि दर तासांवर गेला. चार तासांचे दहा, पुढं वाढत वाढत रात्रंदिवस गाडी राहिली तर ऐंशी. दुकानांपुढं गाडी लावायला जागा उरली नव्हती, म्हणून लोक इथं यायचे, आणि येताना चिडलेलेच यायचे. दर वाढवणारा ठेकेदार कधी कुणाला दिसला नाही. दिसायची ती कडूबाई.

मीही त्या चिडलेल्यांतलाच. जवळच्या शाळेत शिकवतो. एकदा पाच तासांचे वीस मागितले म्हणून चार लोकांत मी तिला "लूट लावलीय का?" असं विचारलं होतं. ती नुसती मागं सरली. ते मागं सरणं मला घरी गेल्यावरही आठवत राहिलं. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली, तर ती आणखीच घाबरली. बोलणं सुरू व्हायला पुढं वर्ष गेलं. हे सगळं तिनंच सांगितलेलं आहे.

तिचा नवरा सिताराम रिक्षा चालवायचा. साखरेच्या आजारानं नजर अंधुक झाली आणि रिक्षा विकावी लागली. आता घर तिच्या साडेसात हजारांवर चालायचं. बावीसशेची खोली तीन हजारांवर गेली होती. सितारामच्या सुया वेगळ्या, गॅस वेगळा. लोक तिला महागाईवरून शिव्या द्यायचे, आणि ती स्वतः दोन वर्षांपासून तुरीच्या वरणात पाणी वाढवत होती.

एप्रिलातल्या एका सोमवारी, लगीनसराईच्या गर्दीत, पन्नाशीचा एक माणूस जुनी काळी मोटारसायकल घेऊन आला. अंगात पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल. मागं कॅरिअरवर निळी पिशवी सुतळीनं करकचून बांधलेली.

"मावशी, सावलीला लावू का? दोन कागद झेरॉक्स करून आलोच."

तिनं पावती दिली. त्यानं ती घडी करून खिशात घातली, पिशवीवरून एकदा हात फिरवला आणि गेला.

तो संध्याकाळी आला नाही, मंगळवारीही आला नाही. असं कधीकधी व्हायचं. कुणी पाहुण्याकडं राहायचं, कुणाची गाडी सुरू व्हायची नाही. बुधवारी मात्र वास सुटला. सुरुवातीला तिला वाटलं, पत्र्यावर उंदीर मेला असेल. काठीनं कोपरे धुंडाळले, काही सापडलं नाही. फिरत फिरत ती त्या गाडीपाशी आली आणि तिथंच थांबली.

गुरुवारी पिशवीतून गळायला लागलं. पिवळसर, दाट, थेंब थेंब. खाली फरशीवर डाग पडला आणि त्यावर माश्यांचा थर बसला. त्या दिवशी कुणी पैशांवरून घासाघीस केली तरी तिला ऐकू येत नव्हतं. डोक्यात एकच चालू होतं. काय असेल त्यात? आणि ज्यानं ठेवलं तो परत का येत नाही?

भागवत हा ठेकेदाराचा सुपरवायझर, अठ्ठावीस-तीसचा. दर दोन दिवसांनी रक्कम न्यायला यायचा. त्याला तिनं गाडी दाखवली. तो नाकाला रुमाल लावून लांबच उभा राहिला.

"मावशी, हात लावू नका त्याला."

"पोलिसाला सांगावं का, दादा?"

"खुळ्या झालाव का? पोलिस आले की चार दिस स्टँड बंद. मालक मला इचारंल, मी तुमाला इचारंन. तुमी काय बघितलं न्हाई, मी बी न्हाई."

"मंग मी काय करू?"

"काय करू नका. त्याचा धनी येईल. आला की नंबर टाकून पुरे पैसे घ्यायचे. एक रुपाया सोडायचा न्हाई."

तो गेला. कडूबाईनं आपली खुर्ची फिरवली आणि गाडीकडं पाठ करून बसली. पाठ केल्यावर तर आणखीच भीती वाटायला लागली, म्हणून पुन्हा तोंड तिकडं केलं. मग दिवसभर ती तशीच, एक डोळा गिऱ्हाइकांच्या हातांवर आणि एक पिशवीवर ठेवून बसायची. लोक नाक मुरडायचे. "काय मेलंय वो इथं?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "घूस."

घरी सितारामला सांगितलं.

"सोड ती नोकरी," तो म्हणाला.

"सोडून खायाचं काय?"

"कुणाचं काय निघालं त्यातून, तर तुला धरतील. पावती तू फाडलीस."

हे तिच्या मनात आलं नव्हतं. आता आलं. त्या माणसाला पाहिलेली ती एकटीच होती. त्याचा चेहरा आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. पण तिनं फक्त हात पाहिले होते. राबलेले, नखांत माती असलेले, पिशवीवरून हळू फिरलेले हात. पोलिसांनी विचारलं तर काय सांगणार? भाकरीचा घास तिच्या तोंडातच फिरत राहिला.

सातव्या दिवशी खरंच एक पोलिस आला. फाटकातून गाडी आत घेतली, उतरला आणि इकडंतिकडं पाहू लागला. कडूबाई उठली आणि तिला कळायच्या आत त्या काळ्या गाडीच्या नंबरासमोर जाऊन उभी राहिली. पदर तोंडाशी धरलेला.

"मावशी," पोलिस म्हणाला. "सावलीला जागा कुठं हाय?"

तिनं बोटानं दाखवली. तो गाडी लावून, दहा रुपये देऊन निघून गेला. ती जिथं उभी होती तिथंच खाली बसली. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की आपण त्या पिवळ्या डागातच बसलोय.

त्यानंतर तिला ताप आला. तरी ती आली. एक खाडा म्हणजे अडीचशे रुपये. लिंबाचा पाला आणून तिनं गाडीभोवती टाकला, फिनेल ओतलं. गळणं थांबलं होतं, वास मात्र हटत नव्हता.

अकराव्या दिवशी दुपारी एक पोरगी फाटकात आली. एकवीस-बावीसची, डोळे सुजलेले, पायात स्लीपर. हातात एक मळका कागद होता.

"काकू, ही पावती इथलीच हाय का?"

कागदावर वर स्टँडचं नाव तेवढं वाचता येत होतं. खालची सगळी शाई घामानं उडाली होती.

"कुणाची हाय?"

"माझ्या पप्पाची. मुंजाजी नाव हाय त्यांचं. काळी गाडी."

पोरीचं नाव प्रियांका. सेलूकडच्या खेड्यातली, परभणीत खोली करून परीक्षांचा अभ्यास करत होती. त्या सोमवारी तिचे वडील बाजारात चक्कर येऊन कोसळले होते. लोकांनी दवाखान्यात नेलं, तिथून नांदेडला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. गाडी कुठंय ते त्यांना सांगता येत नव्हतं. घरच्यांनी चोरीला गेली असंच धरलं. काल आईनं दवाखान्यातून आलेला शर्ट धुवायला घेतला, तेव्हा खिशात पावती सापडली.

"जित्ते हायत ना?" कडूबाईनं विचारलं.

"हायत. वळखतेत. बोलता येईना."

कडूबाईनं गाडी दाखवली आणि सगळा धीर एकवटून विचारलं, "बाई, त्या पिशवीत काय हाय?"

प्रियांकाला माहीत नव्हतं. तिनं ओढणी नाकाला बांधली आणि सुतळी सोडली. कडूबाई खांबाला धरून उभी राहिली. पिशवीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली किटली होती. झाकण फुगून उडालं होतं, आत पिवळा घट्ट गोळा नासून पडला होता.

पोरगी बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "चीक हाय. गाय याली व्हती त्या दिशी." आणि थोड्या वेळानं, "मला खरवस आवडतो म्हणून आणायलते."

ती तिथंच उकिडवी बसून रडायला लागली. कडूबाईनं आपल्या बाटलीतलं पाणी तिला पाजलं. किटली नळाखाली नेऊन स्वतः घासली. अकरा दिवस जिला हात लावायची हिंमत झाली नव्हती ती किटली राख लावून तीन वेळा घासली, तरी वास गेला नाही.

मग पैशांची वेळ आली. नंबर टाकला तसा मशीननं आकडा दाखवला. आठशे ऐंशी.

प्रियांकाकडं तीनशे चाळीस होते. "काकू, गाडी विकायची हाय. उद्या गिऱ्हाईक यायलंय, दवाखान्याला भरायचेत. विकली की आणून देते, आईची शप्पथ."

मशीनवर आणखी एक बटण होतं, पावती हरवल्याचं. त्याला सरसकट शंभर रुपये आणि गाडीच्या कागदाचा फोटो लागायचा. पण ते बटण एका दिवसाच्या गाडीसाठी होतं, आणि ही गाडी अकरा दिवस उभी आहे हे भागवतला पक्कं ठाऊक होतं. दाबलं की सापडणार, यात शंका नव्हती. पोरगी काय बोलतेय ते कडूबाईला कळेना. तिनं अंगठा बटणावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"शंभर दे," ती म्हणाली. "आन् लवकर जा इथून."

पोरीनं शंभर दिले, मोबाइलवरचा गाडीच्या कागदाचा फोटो दाखवला आणि घरून आणलेल्या चावीनं गाडी सुरू करून गेली. भागवत संध्याकाळी आला आणि मोकळी जागा पाहून थेट तिच्यापाशी आला.

"किती घेतले?"

"शंभर."

"किती?"

"शंभर. पोरीपाशी न्हवते. तिचा बाप लुळा होऊन पडलाय."

"उरलेले सातशे ऐंशी तुमच्या पगारातून जातील. आन् पुढच्या महिन्यात यायचं का न्हाई ते मालक सांगंल."

कडूबाईला वाटलं आपण मागं सरणार. पण मागं खुर्ची होती, सरायला जागाच नव्हती.

"कापा," ती म्हणाली. "पण मालकाला मला बी भेटायचंय. गाडी गळायलीय म्हणून मी चवथ्या दिशी तुमाला दावलं व्हतं. त्या दिशी पोलिसाला कळवू दिलं असतं, तर त्या लेकराला तवाच गाडी मिळाली असती. हे बी सांगायचंय मला."

धमकी द्यायचं तिच्या मनातही नव्हतं, जे झालं तेच ती सांगत होती. पण भागवतचा चेहरा उतरला. त्यानं रक्कम मोजली, दोनदा चुकली. "मालकाचं मी बघतो," म्हणाला आणि निघून गेला.

पैसे कापलेच. नोकरी मात्र राहिली. त्या महिन्यात खोलीचं भाडं पुरं देता आलं नाही, आणि घरमालकानं जूनपासून पस्तीसशे सांगितले. शेवटी दोघं वसमत रस्त्याला, शहराबाहेरच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेले. तिथून स्टँड एका बाजूनं पाऊण तास चालत. सिताराम फाटकापर्यंत सोबत येतो म्हणायचा. ती त्याला घराजवळच्या चौकातूनच परत पाठवायची, तसल्या नजरेनं ट्रकांच्या रस्त्यानं त्याला एकट्याला परतावं लागू नये म्हणून.

जुलैत दर पुन्हा वाढले. चार तासांचे पंधरा. भागवत नवे दर तोंडी सांगून निघाला, तेव्हा कडूबाईनं त्याला थांबवलं.

"पाटी लावा. लोकांला वाटतंय मीच मनानं मागायले. पाटी लागल्याबिगर मी पंधरा मागणार न्हाई."

पाटी यायला आठ दिवस लागले. तोवर ती दहाच घेत राहिली आणि रोज भीत राहिली. पाटी लागली त्या सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकानं ती सबंध वाचली, पाटीकडं बघूनच एक शिवी हासडली आणि गाडी वळवून निघून गेला.

कडूबाईनं मशीन गळ्यात घातलं आणि फाटकाची साखळी सोडली.