पुराच्या खुणेवरची नाव

साल एकोणीसशे अठ्ठेचाळीस, मार्गशीर्षातला सोमवार. माझ्या घाण्याच्या खोलीचं दार खालून कुजलं होतं, उंदीर आत शिरून पेंड खात होते, आणि नव्या दारासाठी फळ्या निवडायला मला नदीवर जायचं होतं. फळ्या एका नावेच्या होत्या. नाव अजून मोडायची होती.

ती बांधणारे मिस्तरी दिवाळीनंतर वारले. त्यांचं एक बोलणं होतं, "गंगा यील आन् निईल." हे म्हणताना ते उजवा तळवा पालथा धरून हळूहळू वर उचलत, खालून पाणी चढत असल्यासारखा. आमच्या गंगाखेडात गोदावरीला गंगाच म्हणतात. नाव पाण्यात कधी जाणार, असं कुणी विचारलं की हा हात वर. धाकटीचं लग्न कधी करता, तरी हा हात वर. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला आपल्या धंद्याखेरीज जगात दुसरं काही चालतं हे मुळी पटतच नाही.

माझा त्यांचा संबंध तेलाचा. नवरा गेल्यापासून घाणा मीच चालवते. नावेच्या सांध्यांना दर उन्हाळ्यात जवसाचं तेल लागतं, नाहीतर फळ्या उलतात. मिस्तरी तांब्या घेऊन येत, तेलात बोट बुडवत आणि मिशीला पुसून वास घेत. मग दिवसभर मिशी चमकत असे.

"बाई, करडई तर मिसळली न्हाई?"

"मिसळली असती तर मिशी अशी ताठ राहिली असती का? जा, वेळ घालवू नका."

"रागावता कशाला? आमच्या आज्यालाबी तुमच्या सासऱ्याचं तेल हुंगल्याबिगर पटत नव्हतं."

आजा निघाला की अर्धा तास गेला. आज्यानं या घाटावरून त्या घाटावर माणसं नेणाऱ्या साध्या नावा बांधल्या. बापानं एका जहागीरदाराला शौकाची नाव करून दिली. तिला जनान्यासाठी जाळीची खोली होती, गादीखाली अत्तरं ठेवायचे खण होते आणि पुढच्या टोकाला कोरलेला मोर. तेव्हापासून नदीची सैर करायला निघालेल्या बड्या लोकांना या घरचीच नाव लागे. घरातल्या कामाची वाटणी सोपी होती. अंबाडीचा काथ्या वळून, तेलात भिजवून सांध्यांत ठोसायचा तो बायकांनी, आणि नाव आमची म्हणून सांगायचं ते पुरुषांनी.

या घराचा एक नेम होता. नाव ओढत पाण्यात न्यायची नाही. उन्हाळ्यात काठावर ओंडके मांडायचे आणि त्यांवर नाव बांधायची. ओंडके कुठे मांडायचे, तर गेल्या पुरानं काडीकचरा जिथवर आणून टाकला त्या खुणेच्या हातभर खाली. पावसाळ्यात गंगा तिथवर येते, नाव उचलते, दोघातिघांनी दांड्यानं रेटली की झालं.

जर्मनीच्या लढाईच्या दिवसांत दुसऱ्या एका जहागीरदारानं मिस्तरींना नाव बांधायला सांगितली. त्याच्या आदल्या पावसाळ्यात पूर आला होता तो म्हाताऱ्या माणसांनीही पाहिलेला नव्हता. काडीकचरा पार वर, चिंचेच्या बुंध्याशी लागला होता. मिस्तरींनी तीच खूण धरली.

मी तेव्हाच म्हटलं, "मिस्तरी, एवढं वर पाणी पुन्हा यायचं नाही."

"आज्यानं गेल्या पुराची खूण धरली, बापानं गेल्या पुराची धरली. मी काय परवाच्या पुराची धरू?"

नाव झाली देखणी. सबंध सागवान, रंगीत काचांची खोली, पितळी कड्या. आणि पुढची सगळी वर्षं गंगा आपली नेहमीसारखी आली, खालून नाव बघून परत गेली.

पहिल्या वर्षी जहागीरदार हौसेनं आला. नाव कोरडी, तरी पाहुण्यांना घेऊन आत बसला. बिर्याणी वर चढवली, आणि चार नोकर खालून नावेला खांदा लावून डुलवत होते. एका पाहुण्याला खरोखर मळमळलं. मिस्तरींना त्याचा फार अभिमान. म्हणाले, "बघा, बांधणीच अशी हाय."

दुसऱ्या वर्षी जहागीरदार चिडला. "मिस्तरी, कश्ती कब चलेगी? बैलां लगाओ!"

"सरकार, ओढेल्ली कश्ती आन् ओढून आणेल्ली औरत, दोन्नो दिलसे चलते नै."

मी तेलाची घागर घेऊन तिथंच उभी होते. म्हटलं, "औरतीचं राहू द्या, नावेचं बोला." जहागीरदार हसला आणि बैल राहिले. तिसऱ्या वर्षी त्यानं मोटार घेतली, आणि नावेचं नावच टाकलं.

मिस्तरींचा मुलगा मात्र हसण्यावारी नेत नव्हता. ही नाव जाईना म्हणून दुसरी कुणी सांगेना. त्याला दोन लेकरं. तो माझ्या घाण्याचा बैल मागायला येई, मी द्यायला तयार असे, आणि बाप आडवा पडे.

"आबा, बैल लावू. न्हाईतर मी परभणीला जातो, खुर्च्या करायला."

"जा. खुर्चीला गंगा लागत न्हाई."

तो जात नव्हता. दर उन्हाळ्यात मुकाट्यानं तेल नेत होता.

मग यंदाचा भादवा आला. रझाकारांच्या धास्तीनं गाव रिकामं झालं. कुणी रानात गेलं, कुणी लांबच्या सोयऱ्यांकडे. मी राणीसावरगावला बहिणीकडे गेले, बैलासकट. मिस्तरींचा मुलगा बायकालेकरांना घेऊन निघाला. म्हातारा म्हणाला, पाणी चढायलंय, मी येत न्हाई. मुलानं दोन वेळा ओढलं, मग सोडून गेला.

फौज आली, निजामशाही संपली, माणसं परतली. मिस्तरी नावेत बसलेले होते. काचेच्या खोलीत तीन दगडांची चूल, वर भात.

मुलाला पाहून म्हणाले, "आली व्हती रे. उचलली व्हती तिनं. मी दांडा लावला, पर एकट्यानं रेटली न्हाई. मग बसली परत."

मुलगा प्रवासानं शिणलेला होता. म्हणाला, "सपान पडलं आसंल."

मीही तेच समजले. मिस्तरी नंतर ज्याला त्याला सांगत राहिले. लोक नव्या राज्याच्या गप्पांत होते, पुराची खूण बघायला कुणी गेलं नाही. ज्याचा त्याचा हात पालथा करून आपल्या हातानं वर उचलून दाखवत, "आशी, एवढी." माझाही उचलला. मी म्हटलं, "बरं, सोडा आता, तेल सांडेल." तांब्याभर तेल घेऊन गेले, ते शेवटचं.

जहागीरदार हैदराबादेला निघून गेला होता. निरोप आला, नावेचं काय ते करा. मुलानं ठरवलं, मोडायची, सागवान दारांखिडक्यांना द्यायचं, आणि परभणीला जायचं. पहिल्या फळ्या मी सांगून ठेवल्या होत्या.

तर त्या सोमवारी मी नदीवर गेले. त्यानं वरच्या काठाची एक फळी सोडवून ठेवली होती. मी विकत घेणारी बाई. वरची फळी चांगली दिसते म्हणून भुलत नाही. खालच्या फळ्यांना ओल लागली का ते बघायला पदर खोचून नावेखाली वाकले.

नावेचा कणा म्हणजे तळाचा सगळ्यात जाड वासा ओंडक्यावर टेकला होता. त्या दोहोंच्या मधे एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, अडकली होती, चेपून पट्टीसारखी झालेली. दोन्ही बाजूंना टोकं बाहेर, टोकांना गाळ वाळलेला. मी ओढली. हलेना. नावेचं सगळं वजन तिच्यावर.

"इकडे ये रे," मी हाक मारली.

तो गुडघ्यांवर बसला. त्यानंही ओढून बघितली. मग ओंडक्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बघून आला.

"मावशी, ही आत गेली कशी?"

"तूच सांग. मिस्तऱ्याच्या घरचा तू."

"कणा उचलल्याबिगर जायाची न्हाई."

तो तसाच वाकून बसला. टोकावरचा गाळ बोटानं चोळत म्हणाला, "दोघं आसतो तर रेटली आसती."

"रेटली असती."

तो उठला. सोडवलेली फळी त्यानं जागेवर लावली आणि खिळे ठोकले. नीट ठोकले, घाई केली नाही. काचेच्या खोलीतली चूल अजून तशीच होती. तिचे दगड काढून खाली ठेवले.

"जवस हाय का शिल्लक?" त्यानं विचारलं.

"आहे. माझ्या दाराचं काय?"

"दुसरं लाकूड बघून देतो, मावशी. एक पावसाळा बघू."

मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या दाराला खालून पत्रा ठोकला, बैल जुंपला आणि घाण्यात जवस चढवला.