तीन शिंकांचं घराणं

काही घराण्यांत वंशपरंपरेनं जमीन येते, काहींत गाता गळा येतो. आमच्या घराण्यात शिंक आली.

सर्दीची नव्हे. आमच्या शिंकेला सर्दी, धूळ, मिरचीची फोडणी असलं हलकं कारण लागत नाही. तिला ऊन लागतं. सावलीतून एकदम उन्हात आलं की नाक सुरसुरतं, मान मागे जाते आणि ओळीनं तीन शिंका येतात. दोन नाही, चार नाही. आजोबांना तीन, बाबांना तीन, बाबांच्या आत्यालाही तीनच. नागपूरच्या उन्हात असलं नाक घेऊन जन्माला येणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण शिंकेबरोबर आम्हाला शिंकेचा नियमही मिळाला. बाहेर निघताना कोणी शिंकलं की थांबायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं, हे पुष्कळ घरांत असतं. आमच्या आजोबांनी त्यात सुधारणा केली होती. सम शिंका शुभ, विषम अशुभ. आता तीन हा आकडा पडला विषम. शिवाय शिंक यायची ती उंबरठा ओलांडून उन्हात पाय ठेवला की. म्हणजे बाहेर यायचं, तीनदा शिंकायचं, आत जाऊन बसायचं, पाणी प्यायचं, पुन्हा बाहेर यायचं आणि पुन्हा तीनदा शिंकायचं. आमच्या पूर्वजांपैकी कोणी कुठे वेळेवर पोचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

यावर तोड म्हणून बाबा खिशात तपकिरीची डबी बाळगत. तीन झाल्या की नाकाला चिमूट लावून चौथी काढायची आणि निघायचं. पण तपकिरीला कुठे गणित येतं! चौथीच्या मागोमाग कधी पाचवीही यायची, मग सहावीसाठी आणखी एक चिमूट. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. सकाळी ते क्वार्टरच्या दारात उभे राहून आकडा जुळवत असले की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत चहा पीत मोजायचे.

"आठ झाल्या, निंगा आता!" कोणीतरी वरून ओरडायचं, आणि बाबा खरोखरच हात वर करून त्याचे आभार मानायचे.

या सगळ्यात आईचं जे व्हायचं ते होत होतं. तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं लग्न रामटेकला होतं. त्या दिवशी नेमकी डबी रिकामी निघाली. बाबा दारातून आत, आतून दारात असे फेऱ्या घालत राहिले आणि बस निघून गेली. पुढच्या बसनं हे दोघं पोचले तेव्हा मांडवात लोक जेवून पान चघळत होते. आईला बहिणीच्या डोक्यावर अक्षता टाकायला मिळाल्या नाहीत. ही गोष्ट ती आजही सांगते, आणि सांगताना सारा वेळ बाबांच्या नाकाकडे बघत असते.

मी त्यांचा एकुलता एक मुलगा. आणि मी शिंकत नव्हतो.

बाबांनी प्रयत्न कमी केले नाहीत. सुटीच्या दिवशी ते मला अंगणात उभं करायचे आणि म्हणायचे, "वर पाह्य. पाह्यत राय. आता येईल." मी मान दुखेपर्यंत वर बघायचो. यायचं काहीच नाही. कॉलनीतले काका लोक हसून म्हणायचे, पोरगं दवाखान्यात बदललं गा तुमचं. मीही हसायचो, पण मला वाईट वाटायचं, चांगलंच वाईट वाटायचं. एकदा मी झाडूची काडी नाकात घालून बाबांसमोर मुद्दाम शिंकलो. बाबांनी डोळे मिटून, कान देऊन ऐकलं. मग मान हलवली. "दोनच आल्या," ते म्हणाले, "आपली नाही ही."

पुढे मी जीवशास्त्र शिकलो आणि ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलो. लोकांना वाटतं मी कडक मास्तर आहे. खरं कारण माझा चष्मा आहे. लहानपणापासून जाड भिंगांचा आणि गडद ब्राऊन काचांचा, कारण आईच्या म्हणण्याप्रमाणे माझे डोळे नाजूक, त्यांना ऊन सोसत नाही. मी कोणाकडे बघतोय हे पोरांना कळत नाही, त्यामुळे सगळेच गप्प बसतात. मी दरवर्षी हरभऱ्याचे कोंब काळोख्या कपाटात ठेवतो आणि आठवड्यानं ते पिवळे पडलेले कोंब वर्गाला दाखवतो. हिरवं होण्याची जनुकं यांच्यात आहेत, पण उजेड मिळाला नाही म्हणून ती दिसली नाहीत, असं सांगतो. पोरं ते उतरवून घेतात.

आमची शिंक विज्ञानाला ठाऊक आहे, हे कळलं तेव्हा मला कोण आनंद झाला. उन्हानं येणारी शिंक घराण्यात चालत येते आणि ती बहुधा प्रबळ जनुकाची करामत असावी, असं मानतात. मी धावत घरी येऊन बाबांना समजावलं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. तुमच्याकडे एक शिंकेची आहे आणि एक बिनशिंकेची. मुलाला त्यातली एकच जाते. नाणं उडवल्यासारखं. छापा आला तर शिंक, काटा आला तर नाही. मला काटा आला.

बाबांनी बराच विचार केला. "म्हणजे मी तुले खोटं नाणं देल्लं?"

"खोटं नाही बाबा. दुसरं."

"आन् चांगलं सोताजवळच ठेवलं? असा बाप आहे का मी?"

त्यानंतर बरेच दिवस ते जेवताना माझ्या ताटात आपल्या ताटातलं काहीतरी वाढत राहिले. भरपाई चालली होती बहुतेक.

मग माझ्या बायकोला दिवस गेले आणि बाबांना तरतरी आली. मी राहून गेलो तर काय झालं, नातवंडात येईल, अशा गोष्टी एक पिढी सोडून येतात, असं ते भाजीवाल्यापासून सगळ्यांना सांगायला लागले. मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकवण्याची खोड वाईट. मी जेवणाच्या टेबलावर फळ्यासमोरच्या आवाजात म्हणालो, "बाबा, प्रबळ जनुक लपून बसत नसतं. असलं तर दिसतंच. माझ्यात दिसत नाही, म्हणजे नाही. जे माझ्याकडे नाही ते मी बाळाला देणार कुठून?"

आईला जोराचा ठसका लागला. तिखट गेलं असेल म्हणून मी पाणी दिलं.

बाबा म्हणाले, "आत्या गेली, माहे बाबा गेले. आता मी एकटाच शिंकून राहिलो. म्हणजे माह्यापाशी संपली ही." आणि ताटावरून उठले.

"अवो, थोडं खोटं बोलले असते तं काय झालं असतं?" बायको मला म्हणाली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मुलगी झाली धंतोलीतल्या एका दवाखान्यात, ऐन थंडीत. घरी जायच्या दिवशी बाबा सकाळीच येऊन बसले, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्या प्रबळ जनुकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दवाखान्याच्या आत दिवसाही ट्यूबलाइट लावावे लागत होते आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. असा योग त्यांनी सोडला नसता. बाळाला बाहेर काढताना तोंडावरचं फडकं क्षणभर बाजूला करायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. कोवळं ऊन बाळाला चांगलंच असतं, असं म्हणून आईनं होकार दिला.

निघायच्या आधी मी मुलीला जवळून बघत होतो. जवळचं मला चष्म्याशिवाय जास्त चांगलं दिसतं, म्हणून तो काढून खुर्चीवर ठेवला होता. तिच्या कानांच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या होत्या, थेट तिच्या आईसारख्या. एवढ्यात कोणीतरी फिनाइलचा पोछा मारून गेलं आणि बायको शिंकली. एकदाच.

"बसा!" बाबा ओरडले.

नियम म्हणजे नियम. बायको पलंगावर बसली, आई बाळाला घेऊन स्टुलावर, मी बॅगेवर, आणि बाबा खुर्चीवर. कड्कन आवाज झाला.

चष्म्याच्या दोन्ही काचांचा चुरा झाला होता. बाबा ओशाळले. पण आईचा चेहरा का उतरावा, ते मला कळेना. "ऑटो पार दाराच्या आत बोलाव," ती म्हणाली. ते शक्य नव्हतं, मधे पायऱ्या होत्या. "मंग तू डोळे बंद करून ये. अजिबात उघडू नको. ऐकतं का?" माझ्या नाजूक डोळ्यांची या वयातही इतकी काळजी करते म्हणून मला भरून आलं.

आई बाळाला घेऊन पुढे झाली. बाबा तिच्या समोर उलटे चालत होते. त्यांनी दोन बोटांनी स्वतःचं नाक घट्ट दाबून धरलं होतं, ऐन वेळी आपलीच शिंक मधे यायला नको म्हणून. दारात ऊन आलं. आईनं फडकं बाजूला केलं. मुलीनं डोळे मिचकावले, नाकाला सुरकुती पाडली, तोंड उघडलं. बाबांनी श्वास रोखला.

तिनं जांभई दिली.

हे सगळं बायको चालता चालता मला सांगत होती. मला काहीच दिसत नव्हतं. बाळंतिणीला आधार द्यायचा सोडून मीच तिच्या दंडाला धरून चाललो होतो. "जाऊ द्या," असा बाबांचा आवाज तेवढा ऐकू आला. नाक दाबलेलं असल्यामुळे तो फार केविलवाणा आला. मला राहवलं नाही आणि मी त्यांच्याकडे बघायला डोळे उघडले.

समोर नुसतं पांढरं होतं. नाकात काहीतरी सुरसुरलं. मान आपोआप मागे गेली आणि मी शिंकलो. पुन्हा शिंकलो. बॅग खाली पडली आणि मी पुन्हा शिंकलो.

मग बाबांनी नाक दाबूनच विचारलं, "किती?"

"तीन," बायको म्हणाली.

बाबा सावकाश आईकडे वळले. नवरा-बायको म्हणून इतकी वर्षं काढल्यावर माणसाला कुठे वळायचं ते कळतं.

"तू पहिलीत होता," आई मला म्हणाली. "शाळेतून बाहेर निंगाला आन् उन्हात ओळीनं तीन शिंकला. तेव्हाच तुले चष्मा लागला होता. मी दुकानदाराले सांगतलं, काच जेवढी काळी होते तेवढी कर. एका शिंकणाऱ्यापायी माह्या बहिणीचं लग्न गेलं. दोघं झाले असते तं या घरातून कोणाची अंत्ययात्राही वेळेवर निंगाली नसती!"

"शुभ बोल वं!" बाबा म्हणाले.

मी तिथेच उभा होतो, डोळ्यांतून पाणी वाहत. उन्हामुळे, आणि नुसतं उन्हामुळे नाही. काळोख्या कपाटातले हरभरे मी इतकी वर्षं पोरांना दाखवले आणि माझं स्वतःचं कपाट माझ्या नाकावर बसलेलं होतं. पण त्या क्षणी मला जीवशास्त्राचं काही पडलं नव्हतं. मी बदललेला नव्हतो. मी यांचाच होतो, आणि तेही तीन वेळा.

बाबा आता आईवर भडकणार असं मला वाटलं. ते बोलायला गेले, त्यासाठी नाकावरची बोटं काढली, आणि मघापासून दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. एक, दोन, तीन. बाळ दचकून रडायला लागलं.

बाबांनी सवयीनं खिशात हात घातला, डबी चाचपली. आता आकडा जुळेपर्यंत इथेच उभं राहावं लागणार, असं म्हणून मी बॅग उचलली.

"कायले?" आई म्हणाली. "याच्या तीन आन् तुमच्या तीन. सहा झाल्या. निंगा आता."

बाबांनी बोटांवर मोजून पाहिलं. दोनदा पाहिलं. मग माझा हात धरून त्यांनी मला पायऱ्या उतरवल्या. आमच्या घराण्यातला माणूस तपकिरीवाचून पहिल्याच फटक्यात बाहेर पडला होता.

ऑटोत ते माझ्याशेजारी बसले. "मंग आता हिचं?" त्यांनी विचारलं.

"हिचं नाणं अजून मुठीत झाकलेलं आहे बाबा. एवढ्या लहानपणी कळायचं नाही. छापा असेल नाही तर काटा."

त्यांनी खिशातून डबी काढली आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकली. "ठेव. लागन तुले." चष्म्याशिवाय मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. पण त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.