संध्याकाळी माणसं परत देणारा अजगर

देवासला एकेकाळी एकाच वेळी दोन राजे होते, एवढं खरं आहे. बाकी मी जे सांगेन त्यातलं निम्मं धरावं. आमचे पणजोबा त्यातल्या एका दरबारात कारकून होते. पण घरात त्यांचा हुद्दा दर पिढीला एकेक पायरी चढत गेला आणि माझ्यापर्यंत येईतो ते दिवाण झाले. तेव्हा थापा मारणं हे आमच्याकडे वंशपरंपरेनं चालत आलेलं काम.

दोन हजार सालानंतर मी धारच्या एका शाळेत शिकवायला लागले. मिशी फुटू घातलेली पोरं आणि त्यांचे मिशा पिकलेले बाप, दोघांसाठीही राजा-राणीच्या जुन्या गोष्टी नव्यानं रचून सांगायची मला खोड आहे. लोक विचारतात, हे तुम्हाला सुचलं कसं? सुचलं कुठलं! अडकले होते मी.

गोष्ट नव्वदनंतरची. मी सोळा वर्षांची, घर धारला, शाळा हिंदी. बाबांनी देवासला आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, पत्रात लिहिलं की पोरगी जुनं मराठी घडाघडा वाचते. बाबांना ही बातमी मीच दिली होती. प्रत्यक्षात जुन्या मराठी पुस्तकापुढे माझी गाडी दुसऱ्याच ओळीत पंक्चर.

झालं! श्रावण लागला. म्हणजे आमचा मराठी श्रावण. शेजाऱ्यांचा हिंदी श्रावण पंधरा दिवस आधीच लागून जातो आणि दरवर्षी आम्ही त्यांना उशिरा उठलेल्या पाहुण्यांसारखे वाटतो. आत्याबाईंकडे दर शुक्रवारी पूजा असायची आणि कहाणी त्या स्वतः पुस्तकातून वाचायच्या. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. देवासहून निरोप आला: घडाघडा वाचणारीला पाठवून द्या.

मी पोचले तर घरात निराळंच ताट वाढून ठेवलेलं. माझी आत्येबहीण, आमची ताई, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. पीथमपूरच्या एका औषधांच्या कारखान्यातून तिला नोकरीचं पत्र आलं होतं. सोमवारी हजर व्हायचं. राहायचं धारला आमच्याकडे आणि शिफ्टच्या बसनं जायचं-यायचं. बाबा तयार होते. आत्याबाई मात्र पत्र आल्यापासून आठ दिवस त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"नाही म्हणाली असती तर भांडले असते गं," ताई म्हणाली. "आई गप्पच आहे. गप्प माणसाशी भांडायचं कसं?"

"आणि सोमवारपर्यंत गप्पच राहिल्या तर?"

"तर जागा दुसऱ्याला. पत्रातच लिहिलंय तसं."

शुक्रवारी दुपारी माजघरात चारशे बायका जमल्या. बरं, चाळीस. बरं, चौदा, पण चौदाजणी मिळून चारशेंचा आवाज करत होत्या. प्रत्येकीच्या मुठीत अक्षता. नियम असा, की कहाणी सुरू झाली की ऐकणाऱ्यांनी फक्त 'हं' म्हणायचं. कहाणी संपली की मुठी उघडून अक्षता देवीला वाहायच्या, आणि मगच पुरणपोळी. वाचणारी मध्येच थांबली, तर पुन्हा आंघोळी, पुन्हा पूजा. आणि पुरणाचा वास तर पार गावच्या टेकडीवरच्या देवळातल्या देवीपर्यंत गेलेला. अशा वेळी जी थांबेल तिला त्या चौदाजणींनी कच्ची खाल्ली असती.

पहिली ओळ वाचली. दुसरीतला एक जुना शब्द आडवा आला आणि हलेचना. आत्याबाई, डोळ्यावर हिरवी झापड लावून, म्हणाल्या, "हं?"

मग मी पुस्तकात तोंड खुपसलं आणि दिली थाप सोडून.

"एका गावात दोन राजे होते..."

"हं!" सगळ्याजणी खूश. देवासच्याच बायका त्या.

"थोरल्या राजाच्या राजकन्येला औषधं करता येत. गावापासून लांब एक मोठं नगर होतं, तिथं औषधांच्या कढया उकळत. पण तिकडे न्यायचा एक अजगर. तो सकाळी नाक्यावर येई, तोंड उघडी आणि पन्नास-साठ माणसं डब्यांसकट गिळून टाकी."

"हं..." हा जरा बारीक.

"आणि संध्याकाळी सगळ्यांना जिवंत परत देई. फक्त डबे रिकामे."

ताईनं पदरात तोंड लपवलं. हसत होती की रडत होती, देव जाणे. मी आता भरात आले होते. एका राजपुत्राला घोड्यावर बसवून आणलं, पण वाटेत त्याला हिवताप भरला, म्हणून गोळी देऊन निजवला. राजकन्येला सोडवायला कुणी येणार नव्हतंच, कारण तिला कुठल्या राक्षसानं धरलेलंच नव्हतं.

"तिला अडवलं होतं एका बंद दारानं. दाराची किल्ली राणीच्या मुठीत होती. राणी दुष्ट नव्हती. तिला अजगराचं भय वाटे, आणि भय वाटतं हे सांगायची लाज वाटे. म्हणून ती मूठ आवळून गप्प बसली होती. मग राणीनं मूठ उघडली, तशी सगळ्यांची उघडो."

तेरा मुठी उघडल्या. आत्याबाईंची मिटलेलीच.

मी मनातल्या मनात धारची बस पकडली.

"पोरी," आत्याबाई म्हणाल्या, "त्या अजगरात बायकांना बसायला जागा निराळी असते का?"

"असते ना, आत्याबाई! पुढचे दोन बाक."

"परत किती वाजता देतो?"

"साडेसहाला."

"आणि उशीर झाला तर?"

"राजकन्येचा मामा स्कूटर घेऊन नाक्यावर उभा असतो."

"माझा भाऊ? तो स्वतःच्या लग्नाला उशिरा आला होता!" सगळ्याजणी खदखदून हसल्या. हसू ओसरेपर्यंत आत्याबाईंनी मूठ उघडली होती. घामानं अक्षता तळव्याला चिकटलेल्या. त्यांनी त्या एकेक सोडवून वाहिल्या.

मग माझ्याकडे वळल्या. "पुस्तक मीट. कहाणी मला पाठ आहे, दिवाणांच्या पणती. आता खरी मी सांगते, तू 'हं' म्हण."

म्हणजे त्या दिवशी दोन कहाण्या झाल्या आणि पुरणपोळी चार वाजता मिळाली. त्याबद्दल तिथल्या दोघीजणी आजही माझ्याशी धड बोलत नाहीत.

सोमवारी सकाळी धारच्या नाक्यावर ताई डबा घेऊन उभी होती. शेजारी बाबा, मी आणि हिरवी झापड लावलेल्या आत्याबाई. त्या आदल्या दिवशीच ताईबरोबर आल्या होत्या, अजगर प्रत्यक्ष बघायला. बस आली. आत्याबाईंनी आधी वाकून पुढचे दोन बाक तपासले. मग पदराच्या गाठीतल्या अक्षता काढून बसच्या नाकाडावर टाकल्या आणि ड्रायव्हरला आमच्या माळव्यातल्या हिंदीत म्हणाल्या, "भिया, शाम को पूरी की पूरी वापस देना."

"देंगे माँसाब," तो म्हणाला. "रोजच देते हैं."