दुसरी पसंती

पदवीधरांच्या निवडणुकीत उमेदवारांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. मतदान करून शाळेच्या पायऱ्या उतरताना बाबा खुशीत म्हणाले, "सावंतसमोर चांगली ठसठशीत बरोबरची खूण केली!"

सावंतकाका त्यांचे जुने मित्र. त्यांच्यासाठी बाबा महिनाभर दारोदार फिरले होते.

"बाबा, 'एक' लिहायचा होता. खुणेनं मत बाद होतं."

ते थांबलेच. "तू तरी लिहिलास ना?"

"काकांना दोन. एक त्या वाचनालयाच्या बाईंना."

"त्या पडणार गं."

"पडल्या की माझं मत काकांकडे जाईल."

एरवी कुणी काही विचारलं, की मी "काहीही चालेल" म्हणते. त्या कागदानं मला आधी काय आवडतं ते विचारलं, मग काय चालेल तेही. मला तो फार समजूतदार वाटला होता. पण एकाच माणसावर जीव टाकून केलेली खूण त्याला वाचता येत नाही. बाबांची माया पेटीतच राहणार, आणि माझी दुसरी पसंती कदाचित काकांपर्यंत पोचणार.

फाटकाशी बाबा हळूच म्हणाले, "सावंतला खुणेचं सांगू नकोस."

"आणि दोनाचं?"

"तेही नको."