खिळ्यावरचा खाकी शर्ट

पवळी भिंतीकडे तोंड करून उभी होती. कान ताठ, पाय रोवलेले, नजर समोर. कुणीतरी बोलतंय आणि ती मन लावून ऐकतेय, अशी.

चंद्रभागा खराटा घेऊन शेडच्या दारातच थबकली. एरवी तिची चाहूल लागली की ही डुकरीण खाण्याच्या कुंडाकडे धाव घ्यायची. आज तिने मानही वळवली नाही. समोर नुसती भिंत, भिंतीला खिळा आणि खिळ्यावर सहदेवचा खाकी शर्ट.

तिच्या नवऱ्याला, सहदेवला जाऊन दोन महिने झाले होते. वाडीच्या रिवाजाप्रमाणे त्याचे कपडे दहाव्याला नदीत सोडले, पण शेडमधला हा शर्ट राहून गेला. चंद्रभागेला तो दिसला नव्हता असं नाही.

तिने पवळीच्या पाठीवर दोन्ही हातांनी भार दिला. पवळी हलली नाही. वेळ आली की मादी अशीच उभी राहते, हे सहदेवनेच तिला शिकवलं होतं. पण तेव्हा समोर नर असायचा. सहदेवच्या माघारी तो दांडगा नर तिला आवरेना, म्हणून विकला होता. आता पवळी कुणासाठी उभी होती?

मागून दीर आला, श्रीपत. त्याने पवळीकडे पाहिलं, मग शर्टाकडे, आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"वयनी, दादा अजून हितंच हाय गो. जाळ तो शर्ट."

"हाय तर हाय. त्याचीच शेड हाय ना?"

"मस्करी नको. नर गेल्यापासून एकबी मादी गाभण नाय. या खेपेला नाय राहिली तर दोन्ही विकू. अनिल मुंबईला बोलावतोच हाय, जा पोराकडं. एकट्या बाईनं डोंगरात डुकरं राखायची, लोक काय म्हणतात ठाव हाय?"

"सहदेवनं आणली तवा पण म्हणायचे. जत्रेला हितलंच मटण खायला मात्र समदे यायचे."

पण श्रीपत गेल्यावर तिने शेडच्या दाराची कडी धरली. वरंध घाटातली ही वाडी, सकाळी शेडमध्ये उतरणारं धुकं, पवळी आणि दुसरी डुकरीण काळी. हे सोडून अनिलच्या खोलीत ती दिवसभर करणार काय?

दुपारी महाडहून अनुपमा आली, जनावरांची नवी डॉक्टर. तिने शर्ट नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला.

"काकू, हे भूत नाही. नराच्या तोंडाच्या फेसात एक वास असतो. काका रोज त्याला खेटून काम करायचे, तो यात मुरलाय. मादीच्या अंगात इस्ट्रोजेन वाढलं की ती माजावर येते, आणि हा वास आला की अशी खिळून राहते. नर गेला, म्हणून तुम्हाला वेळ कळत नव्हती."

चंद्रभागेने शर्टात नाक खुपसलं. काहीच नाही. आयुष्यभर असंच. तिचं माहेर सव, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. "गरम कुंडांपाशी वाढलेली तू, तुझं नाकच उकडलंय," सहदेव हसायचा.

"काही माणसांना हा वास येतच नाही. जन्मापासून," अनुपमा म्हणाली.

तिने पवळीत नळीने वीर्य सोडलं आणि हात धुताना समजावलं, "गर्भ राहिला तर प्रोजेस्टेरॉन टिकून राहतं, मग हा वास तिच्या लेखी काहीच नाही. नाही राहिला तर ते ओसरेल आणि तीन आठवड्यांनी ती पुन्हा शर्टासमोर उभी राहील."

त्या रात्री चंद्रभागेला झोप लागली नाही. इथे राहायचं, तर पवळीने सहदेवला विसरायला हवं होतं. आणि तिच्या स्वतःच्या नाकाला तर तो कधी सापडणार नव्हता. त्या खिळ्याशी तो आहे, हे तिला पवळीच्या कानांवरूनच काय ते कळायचं.

तीन आठवडे झाले. श्रीपत उंबऱ्याबाहेर उभा राहिला. चंद्रभागेने शर्ट पवळीच्या तोंडापुढे धरला. पवळीने हुंगला, फुस्स केलं आणि कुंडाकडे वळली. पुढचे दोन दिवसही तेच.

"राहिली!" श्रीपत म्हणाला. "वयनी, आता मी विकायचं नाव काढणार नाय. पण तू तो शर्ट सोड."

तिने शर्ट खांद्यावर टाकला, नदीवर गेली आणि पाण्यात सोडला. एक बाही बराच वेळ वर राहिली.

परत येऊन तिने शेडचं दार उघडलं. पवळी खात होती. काळी मात्र उठून उभी राहिली. कान ताठ, पाय रोवलेले, नजर चंद्रभागेच्या खांद्यावर. शर्ट वाहून नेला, त्याच खांद्यावर. वास लागला असेल. अनुपमा तेच म्हणाली असती.

चंद्रभागा एक पाऊल बाजूला सरकली.

काळीची नजर सरकली नाही. ती दाराकडेच पाहत राहिली, जिथे आता कुणी नव्हतं.

चंद्रभागेने वळून पाहिलं नाही. दोन्ही हातांत बादल्या घेऊन सहदेव आत यायचा, तेव्हा ती सरकायची तशी आणखी थोडी भिंतीला लागली आणि वाट मोकळी केली. मग पदराला हात पुसून तिने अनुपमाला फोन लावला.

"बाय, उद्या ये गो. काळी उभी हाय."