माझी पिशवी माझ्यापाशी

आमच्या हदगावकडं चाळिशीच्या आतच गर्भाची पिशवी काढून बसलेल्या बाया लई. अंगावरून जरा जास्त गेलं, कंबर दुखली, की निघाल्या नांदेडला. लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम, असं घरचेच म्हणतात. कापूस वेचताना पाळीची कटकट नको, हे खरं कारण.

मलाही बऱ्याच जणींनी सांगून पाहिलं. मी कुठली ऐकते! पन्नाशीजवळ पाळी मागंपुढं व्हायला लागली, तेव्हा अंगातून अशा वाफा निघायच्या की वेचणी सोडून बांधावर जायची अन् घागरीतलं पाणी डोक्यावर ओतायची. बाया हसायच्या. घरात कुणी काही बोललं की मी वसकन अंगावर जायची. आमचे मालक तर जेवण झालं की गुपचूप पारावर जाऊन बसायचे. दोन-तीन वर्षं हा तमाशा चालला, मग पाळी थांबली एकदाची. सासूबाई म्हणाल्या, "झालीस म्हातारी." मला तर उलटंच वाटलं. शरीरानं त्याच्या वेळेला, कुणाचा हात न लागता, आपलं काम आवरलं होतं. मला त्याचा लई अभिमान वाटला. कुणाला न विचारता मी एक भारी साडी घेतली.

गेल्या साली धाकट्या जावेच्या अंगावरून पांढरं जायला लागलं अन् एका खासगी दवाखान्यात पिशवी काढायचं ठरलं. तिशीची पोर ती. मला कळलं तशी मी बस धरली. जाऊ हिरवा झगा घालून खाटेवर बसली होती, तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, शेजारी उभा होता.

या दिरासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. त्याच्याचसमोर बोलले, "भाऊजी, माझी पिशवी हाय अजून. पाळी आपली आपण गेली. काय वाईट झालं माझं? हिला आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथले काढा म्हणले, तर मी सोता आणून सोडते."

जाऊ बोलली, "बाई, ती आपोआप थांबती? मला वाटलं, काढल्याबिगर थांबतच न्हाई."

तिथंच बसून मी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता, मोठ्यानं. दीर बाहेर गेला नाही. पुढं सरकारी दवाखान्यात गोळ्यांवरच भागलं, पण ते नंतरचं. माझं बोलणं संपलं, तसा तो वाकला अन् खाटेखालून बायकोच्या चपला काढून त्यानं तिच्या पायाशी ठेवल्या.